काकांना कसं सांगू, आणि नवा अकाउंटंट कसा शोधू?

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव छापू नका म्हणाल्यात म्हणून थोडक्यात सांगते. वय ३६. सहा वर्षांपूर्वी घरामागच्या शेडमध्ये काजू फोडून गर विकायला सुरुवात केली, आज सात बायका कामाला आहेत, जोडीला कोकमाची सोलां, आगळ आणि लोणची. माल म्हापसा-पणजीच्या दुकानांत जातो, थोडा बेळगावला. कच्ची बी आसपासच्या गावांतल्या बागायतदारांकडून थेट घेतात. वर्षाची उलाढाल ६५ लाखांच्या आसपास, नवरा कुंडईला कंपनीत नोकरीला. हिशेब सुरुवातीपासून सासऱ्यांचे एक मित्र, म्हणजे हे काका, बघतात, वय सत्तरच्या पुढे, महिन्याला १,५०० रुपये घेतात. पासवर्ड त्यांच्याकडे, ओटीपी त्यांच्याच मोबाइलवर जातो. काहीही विचारलं की 'पळोवया', म्हणजे 'बघूया', म्हणतात. गेल्या महिन्यात बँकेने कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठीच्या फिरत्या कर्जाची मर्यादा, वाढवायला जीएसटीचे कागद मागितले तेव्हा कळलं की एका तिमाहीचं रिटर्न भरलेलंच नाही आणि त्याची नोटीस पोर्टलवर दोन महिन्यांपासून पडून आहे. मुंबईचा दीर म्हणतो ॲप घे, ९९९ रुपयांत सगळं होतं. पणजीतली एक फर्म महिना १२,००० सांगते. ताई विचारतात, "गोव्यातला चांगला सीए कोण ते नाव सांगा. मला हिशेबातलं काही कळत नाही, ज्याच्याकडे सगळं सोपवून मी माझ्या कामाला मोकळी होईन असा माणूस हवाय. आणि काकांना न दुखवता कसं सोडू?"

ताई,

आधी नोटिशीचं बघू, बाकीच्या गोष्टींना आठ-पंधरा दिवस लागले तरी चालेल, तिला नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ही रिटर्न न भरल्याची नोटीस दिसते, तिच्यात १५ दिवसांत भरा एवढंच म्हटलेलं असतं. ते १५ दिवस होऊन गेले हे खरं, पण म्हणून सगळं संपलं असं अजिबात नाही. यानंतर ऑफिसर स्वतःच्या अंदाजाने टॅक्स ठरवून ऑर्डर काढू शकतो, पण तशी ऑर्डर निघाली तरी ती हातात आल्यापासून ६० दिवसांच्या आत तुम्ही रिटर्न नीट भरलं तर ती ऑर्डर मागे घेतली असंच कायदा धरतो, फक्त व्याज आणि लेट फी द्यावी लागते. लेट फी दिवसाला ५० रुपये, आणि दीड कोटीच्या आतल्या धंद्याला एका रिटर्नमागे ती २,००० च्या वर जात नाही. राहिलेल्या टॅक्सवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. म्हणजे झोप उडावी एवढं हे मोठं नाही, पण जितके दिवस जातील तितकं ते वाढतं आणि तोवर बँक तुमची फाइल पुढे सरकवणार नाही. तेव्हा काकांचं काय करायचं ते ठरेपर्यंत थांबू नका. या आठवड्यात काकांच्याच घरी बसून, त्यांच्याच हातून का होईना, ते रिटर्न भरून घ्या. पण त्याआधी मी खाली बियांच्या खरेदीबद्दल लिहिलंय ते वाचा, म्हणजे त्या तिमाहीत तीच चूक परत जायची नाही.

आणि एक गोष्ट आज रात्री जेवणं झाल्यावर करा, तिला पासवर्ड लागत नाही. जीएसटीच्या साइटवर 'सर्च टॅक्सपेयर' असं आहे, तिथे स्वतःचा जीएसटी नंबर टाका, खाली कुठलं रिटर्न कुठल्या तारखेला भरलं त्याचा तक्ता येतो. तुमचा, माझा, कुणाचाही बघता येतो. दोन मिनिटांचं काम आहे. सहा वर्षं तुम्ही ज्या गोष्टीची काकांच्या तोंडून खात्री करून घेत होता ती सगळ्यांना दिसेल अशी तिथे लिहिलेली होती. हे मी तुम्हाला दोष द्यायला सांगत नाहीये, तुम्हाला ते कुणी दाखवलंच नाही, आणि माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमधल्या बहुतेकांना ते माहीत नसतं.

आता तुमच्या पत्रातल्या त्या वाक्याकडे येते, 'सगळं सोपवून मी मोकळी'. ताई, मला वाटतं सगळा घोळ या एका इच्छेतून झालाय, आणि तीच घेऊन तुम्ही नव्या माणसाकडे गेलात तर तीन-चार वर्षांनी पुन्हा असंच पत्र लिहाल, फक्त १,५०० च्या जागी १२,००० असतील. मी सीए नाही, पण बावीस वर्षं फोंड्यात हिशेबाच्या कामात काढली आणि वह्या-पिशव्या घेऊन येणारी खूप माणसं बघितली. ज्यांचं बिघडलं त्यांतल्या फार थोड्यांचा अकाउंटंट लबाड होता. बहुतेकांचं बिघडलं ते कुणीच कुणाला काही विचारलं नाही म्हणून, धंदेवाल्याला वाटायचं तो बघतोय आणि त्याला वाटायचं काही असतं तर यांनी सांगितलं असतं. आमच्या घरी हेच झालं होतं, वडिलांचं म्हापशाला छोटं दुकान, मार्च आला की वर्षभराची बिलं पिशवीत भरून एका गृहस्थांकडे द्यायची, आणि एका वर्षी ते गृहस्थ अचानक आजारी पडले तेव्हा कुठलं चलन भरलंय, कुठलं नाही, कागद कुठे आहेत, आमच्यातल्या एकालाही सांगता येईना. वडिलांचे ते दिवस मला अजून आठवतात, म्हणून एवढं कळकळीने लिहितेय.

कायदाही इथे तुमच्या बाजूने नाही. रिटर्न जीएसटी प्रॅक्टिशनरने, म्हणजे दुसऱ्यांची रिटर्नं भरून देणाऱ्या माणसाने, भरलं तरी त्यातली माहिती बरोबर असण्याची जबाबदारी ज्याच्या नावावर नोंदणी आहे त्याचीच, असं जीएसटी कायद्यात स्पष्ट लिहिलंय. तेव्हा सोपवता येतं ते काम, जबाबदारी नाही. आणि 'मला काही कळत नाही' हे तर मला बिलकूल पटत नाही. दोनशे चाळीसचा गर आणि तीनशे वीसचा गर तुम्ही हाताने चाळून वेगळा करता, एका पोत्यातून किती गर निघेल ते बी हातात घेऊन सांगता, कुठल्या दुकानदाराची उधारी किती दिवस थकलीय ते तुम्हाला तोंडपाठ असणार. हिशेब हाच आहे. तुम्हाला येत नाही ते फॉर्म आणि तारखा, आणि ते शिकवणारा माणूस मिळाला तर महिन्याला एक तास पुरतो.

नाव मात्र मी कुणाचंच सांगणार नाही. एकाला चांगला पडलेला दुसऱ्याला पडेलच असं नसतं, हॉटेलवाल्याचा अकाउंटंट काजूवाल्याला उपयोगी पडेल असं नाही, आणि माझ्या सांगण्यावरून तुम्ही गेलात तर पुन्हा न विचारताच विश्वास टाकाल. त्यापेक्षा माणूस कसा पारखायचा ते सांगते.

पहिल्यांदा हे बघा की तुम्हाला नेमकं कुठलं काम करून हवंय, कारण 'अकाउंटंट' या एका शब्दात तीन वेगळी कामं आहेत. एक, रोजच्या नोंदी, खरेदी-विक्रीची बिलं टॅलीत चढवणं, बँकेशी ताळा जमवणं. याला सीए लागत नाही, बीकॉम झालेली गावातली नीटनेटकी मुलगी आठवड्यातून दोन दुपारी येऊन करू शकते, आणि तिने शेडवर बसून केलं तर जास्त बरं. दुसरं, रिटर्न भरणं, जीएसटीचं आणि इन्कम टॅक्सचं. हे जीएसटी प्रॅक्टिशनर, टॅक्स कन्सल्टंट, सीए यांतलं कुणीही करतं. तिसरं, सल्ला आणि सही, म्हणजे बँकेसाठी पुढच्या वर्षाचा अंदाज, नोटिशीला उत्तर, धंदा वाढवायचा तर कसा, आणि टॅक्स ऑडिट करायची वेळ आली तर त्यावर सही. ऑडिटची ही सही फक्त प्रॅक्टिस करणारा सीएच करू शकतो. साधारणपणे उलाढाल एक कोटीच्या वर गेली की ऑडिट येतं, रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तर ती मर्यादा दहा कोटी आहे, तुम्ही आज त्या खाली आहात पण बियांचे पैसे रोख देत असणार, तेव्हा एक कोटीचाच आकडा डोक्यात ठेवा, तीनेक वर्षांत तुम्ही तिथे पोचाल.

ही तिन्ही कामं एकाच माणसाने करावीत असं काही नाही, आणि पणजीच्या फर्मचे १२,००० महाग वाटतात ते यामुळेच, त्यात ती तुमची बिलं चढवायचं कामही धरून बसलीय. नोंदी इथे करून घेऊन फक्त दुसरं-तिसरं काम दिलं तर किती, हे त्यांना विचारून बघा. आकडा बराच खाली यावा.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ, जी तुम्ही सहज लिहून गेलात आणि मी तिथेच थांबले. कच्ची बी बागायतदारांकडून थेट घेता. ताई, न फोडलेली काजू बी शेतकऱ्याकडून घेतली तर तिच्यावरचा जीएसटी शेतकरी भरत नाही, घेणाऱ्याने भरायचा असतो, ५ टक्के. रिव्हर्स चार्ज म्हणतात त्याला. त्या खरेदीचं बिलही तुम्हीच स्वतःच्या नावे बनवायचं, टॅक्स बँकेतून पैसे घालून भरायचा, आधीच्या क्रेडिटमधून, म्हणजे इतर खरेदीवर भरलेल्या टॅक्सच्या वजावटीतून, तो वळता करता येत नाही. भरल्यावर मात्र त्याचं क्रेडिट मिळतं आणि गर विकताना जो टॅक्स लागतो त्यातून ते वजा होतं, म्हणजे खिशातून जाऊन बऱ्यापैकी परत येणारे पैसे आहेत हे. पण न भरता राहिले असतील तर व्याज चढतंय, आणि ते नोटिशीतल्या त्या एका रिटर्नपेक्षा कितीतरी मोठं निघू शकतं. काकांनी हे केलंय का ते तुमच्या भरलेल्या ३बी रिटर्नमध्ये, म्हणजे ज्यात टॅक्सचा हिशेब देऊन तो भरतात त्यात, दिसेल, रिव्हर्स चार्जची वेगळी ओळ असते, मार्च ते मे या सीझनच्या रिटर्नांमध्ये तिथे शून्य असेल तर केलेलं नाही. घाबरू नका, पण लपवूही नका, स्वतःहून भरलेलं आणि ऑफिसरने पकडून भरायला लावलेलं यांत दंडाचा मोठा फरक पडतो.

हे एवढं सविस्तर लिहिलं कारण नवा माणूस पारखायचा तुमचा पहिला प्रश्न हाच आहे. ज्याच्याकडे जाल त्याला फक्त धंदा सांगा, काजू प्रोसेसिंग, आणि गप्प राहा. 'बी कुणाकडून घेता, शेतकऱ्याकडून की व्यापाऱ्याकडून?' असं त्याने आपणहून विचारलं तर तो तुमचा धंदा जाणतो. नाही विचारलं तर तुम्ही विचारा, आणि उत्तर माहीत नसेल तर 'बघून सांगतो' म्हणून दुसऱ्या दिवशी खरंच बघून सांगतो का ते बघा, तोही मला चालेल. जो ठणकावून चुकीचं सांगतो तो नको.

दुसरा प्रश्न, 'मी कॉम्पोझिशन घेऊ का?' तुम्हाला कुणीतरी हे सुचवलंच असणार, दीड कोटीपर्यंत एक टक्का भरा आणि मोकळे व्हा म्हणून. ऐकायला छान आहे. पण कॉम्पोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही, आणि तुमचा माल चोर्ला घाट चढून बेळगावला जातो. शिवाय त्यात क्रेडिट मिळत नाही, म्हणजे बियांवर भरलेला तो ५ टक्के परत येणार नाही. तेव्हा 'माल कुठे कुठे जातो?' हे न विचारताच 'हो घ्या, स्वस्त पडतं' म्हणणारा तुमच्या कामाचा नाही.

तिसरा प्रश्न आपल्या गोव्याचा, आणि याच्यावर मुंबईचं ॲप हमखास अडखळेल असं मला वाटतं. आपल्याकडे लग्नाला जो जुना पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा लागू आहे त्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक धरतात. त्यामुळे इन्कम टॅक्समध्येही अशा जोडप्यांचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं वाटून दाखवायचं असतं, १९६१ च्या कायद्यात ते कलम ५ए होतं आणि १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या कायद्यातही ती तरतूद आहे. म्हणजे तुमच्या काजूचा नफा निम्मा तुमच्या, निम्मा नवऱ्याच्या रिटर्नमध्ये, आणि त्यांचा कंपनीचा पगार मात्र पूर्ण त्यांचाच. यात त्यांना पगारदाराचा साधा 'सहज' फॉर्म चालत नाही, जिथे हे वाटप दाखवायचं वेगळं शेड्यूल आहे तो मोठा फॉर्म लागतो. तुमची दोघांची रिटर्नं दोन वेगळी माणसं एकमेकांना न विचारता भरत असतील, त्यांचं कंपनीतला कुणी मित्र आणि तुमचं काका, तर इथे गडबड असण्याची शक्यता खूप आहे. कुटुंबाचं सगळं एकाच ठिकाणी द्या आणि हा प्रश्न जरूर विचारा. गोव्यात काम केलेल्या माणसाला तो नवा वाटायला नको.

ॲपबद्दल तुमच्या दिरांचा हेतू चांगलाच आहे आणि ज्याचा धंदा साधा आहे, विकत घेतलं, विकलं, त्याला ९९९ रुपयांत कदाचित काम भागेलही. पण ॲप तुम्ही भराल ते मोजणार. तुम्ही काय भरायचं विसरलात ते विचारायला पलीकडे तुमचा धंदा ओळखणारं कुणी नाही. बिलं बनवायला, स्टॉक ठेवायला ॲप वापराच, मी स्वतः सांगेन वापरा. फक्त अकाउंटंटच्या जागी त्याला बसवू नका.

मग शोधायचा कुठे? तुमच्यासारखाच धंदा करणाऱ्यांना विचारा, डिचोली-साखळीकडे, फोंड्याला, सांगे-केप्याकडे काजूवाले आहेत, स्पर्धक असले तरी या बाबतीत लोक मोकळेपणी सांगतात. आणि 'तुमचा सीए चांगला आहे का' असं नका विचारू, त्यावर सगळे हो म्हणतात. 'शेवटची नोटीस आली तेव्हा त्याने काय केलं?', 'फोन कितव्या दिवशी उचलतो?', 'रिटर्न भरल्यावर पावती आपणहून पाठवतो की मागावी लागते?' असं विचारा. बँकेत तुमची फाइल जो बघतो त्यालाही विचारता येईल की कुणाकडून आलेले कागद परत पाठवावे लागत नाहीत, तो एका नावाऐवजी तीन नावं देईल, तीच बरी.

जो स्वतःला सीए म्हणवतो त्याचा मेंबरशिप नंबर मागायला लाजू नका. सीएंची संस्था, म्हणजे आयसीएआय, तिच्याकडे नाव असणं आणि प्रॅक्टिस करायचं सर्टिफिकेट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही लागतात. सीएने सही करून दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटवर, रिपोर्टवर यूडीआयएन नावाचा १८ खणांचा नंबर असतो, २०१९ पासून सक्तीचा आहे, आणि तो आयसीएआयच्या यूडीआयएन साइटवर टाकून सही खरी की खोटी ते कुणालाही तपासता येतं. नंबर नसेल तर तो कागद बँकेत चालायचा नाही. आणि 'रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे' म्हणणाऱ्यापासून लांब राहा, कामाच्या निकालावर टक्केवारीने फी घ्यायला सीएंना साधारणपणे मनाई आहे, आणि जो अशी घेतो त्याला तुमच्या रिटर्नमध्ये खोटे खर्च घुसवायचा मोह होणारच. तो रिफंड पुढे व्याजासकट परत द्यायची वेळ येते तेव्हा हा माणूस फोन उचलत नाही, मी हे होताना बघितलंय.

फर्म मोठी असली तर विचारा की माझं काम प्रत्यक्षात कोण करणार. ज्यांचं नाव पाटीवर आहे ते तुम्हाला एकदाच भेटतात, पुढे सगळं शिकाऊ मुलं करतात आणि ती मुलं बदलत राहतात. यात वाईट काही नाही, पण तिमाहीला एकदा तरी अर्धा तास सीए स्वतः बसेल का हे आधी ठरवून घ्या. मला विचाराल तर तुमच्यासाठी वाळपई, साखळी, फोंडा या पट्ट्यातली छोटी प्रॅक्टिस मी आधी बघेन, जिथे एक सीए आणि दोन-तीन माणसं आहेत, जो तुमच्या शेडवर येऊन जाऊ शकतो. पोती, वजनकाटा, सोलायला बसलेल्या बायका हे एकदा डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला तुमचा नफा कागदावर चुकलाय हे लगेच कळतं. काजूवाल्याचं वर्षाचं गणितच वेगळं आहे, तीन महिन्यांत वर्षाचा माल घ्यायचा, पैसा मार्चपासून अडकायचा आणि चवथ-दिवाळीला सुटायचा. हे समजून बँकेला कॅश क्रेडिटचा कागद बनवणारा माणूस तुम्हाला फीच्या दहापट मिळवून देईल.

एकदम वर्षाचं काम देऊ नका. मागच्या एका तिमाहीचे, शक्यतो सीझनच्या तिमाहीचे कागद द्या, तपासून काय काय राहिलंय ते एका पानावर लिहून द्या म्हणा, आणि त्याचे वेगळे पैसे द्या, फुकटात मागू नका. दोघांकडून करून घेतलंत तरी चालेल. ते एक पान तुम्हाला वाचून कळलं तर माणूस बरोबर आहे. नाही कळलं आणि त्याने समजावून सांगताना तोंड वाकडं केलं तर कितीही हुशार असो, सोडून द्या.

ठरलं की काय काम, कुठल्या तारखेला, किती पैशांत हे लिहून घ्या, ईमेलवर चार ओळी असल्या तरी पुरे. नोटिशीचं उत्तर फीमध्ये आहे की वेगळं, हे खास विचारा, भांडणं तिथेच होतात. तुम्ही तिमाही रिटर्नमध्ये असाल तर तारखा पाठ करा, तिमाही संपल्यावरच्या महिन्यात विक्रीचं १३ तारखेला, ३बी २२ ला, आणि तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा टॅक्स त्या-त्या पुढच्या महिन्याच्या २५ ला. तुमच्याकडून बिलं कितीला पोचली पाहिजेत ती तारीखही त्यात लिहा आणि ती तुम्ही पाळा, कारण अकाउंटंट उशीर करतो म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची बिलंच २१ तारखेला पोचतात, हेही मी बघितलंय.

पासवर्डचं. काही झालं तरी जीएसटी आणि इन्कम टॅक्स दोन्ही पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल तुमचा स्वतःचाच हवा. नव्या माणसाचाही नको, तो कितीही चांगला असला तरी. ओटीपी तुमच्या फोनवर आला की तुम्ही एकदा विचारणार, 'कशाचा?', आणि तो सांगणार, एवढ्यानेच अर्ध्या चुका थांबतात. काका लॉगिन करून देत असतील तर पोर्टलवरच दुरुस्तीचा अर्ज करून नंबर बदलता येतो. त्यांना पासवर्ड सापडतच नसेल तर पॅन, ओळखपत्र, धंद्याचे कागद घेऊन तुमचा भाग ज्या जीएसटी ऑफिसखाली येतो तिथल्या ऑफिसरकडे अर्ज करा, ते नवा नंबर आणि ईमेल घालून देऊ शकतात. कुठलं ऑफिस तेही त्या 'सर्च टॅक्सपेयर'च्या पानावर दिसतं. आणि डिजिटल सहीचा टोकन असेल तर तो परत घ्या, ती तुमची सही आहे, दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये राहू नये.

आता काका. तुमच्या पत्रात तुम्ही याच गोष्टीला सगळ्यात जास्त ओळी दिल्यात म्हणून मीही शेवटी निवांत लिहितेय. तुम्ही असं धरून चाललाय की सांगितलं की ते दुखावतील आणि सासऱ्यांच्या मैत्रीत विष कालवल्यासारखं होईल. होईलही कदाचित थोडं. पण दुसऱ्या बाजूनेही बघा, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हा हा माणूस साठी ओलांडलेला होता, आयुष्यभर वह्यांवर काम केलेलं, आणि दर काही महिन्यांनी बदलणाऱ्या पोर्टलशी ते एकटे झगडत होते, तेही १,५०० रुपयांत. ते 'पळोवया' आळसाचं नसेल, भीतीचं असेल. नोटीस त्यांनी तुम्हाला सांगितली नाही ही चूक आहेच आणि ती मी लहान करत नाही, पण ज्याला कबूल करायची लाज वाटते त्याला बाहेर पडायची वाट करून दिली तर तो बऱ्याचदा सुटल्यासारखा होतो.

सासऱ्यांना आधी सांगा, काकांना तुमच्याकडून कळण्याआधी दुसरीकडून कळू नये. मग नवऱ्याला घेऊन काकांच्या घरी जा, फोनवर नको. बँकेने आता सीएच मागितलाय हे खोटं कारण सांगू नका, ते त्या क्षेत्रातले आहेत, त्यांना कळेल. खरं तेच सांगा, धंदा वाढला, बेळगावचा माल वाढतोय, मला रोज कुणालातरी विचारता यावं असं हवंय आणि तुम्हाला या वयात मी एवढी धावपळ करायला लावू शकत नाही. सहा वर्षं तुम्ही सांभाळलंत म्हणून धंदा इथवर आला, हेही सांगा, ते खोटं नाही. त्यांची राहिलेली फी असेल ती त्याच दिवशी द्या, नव्या सीएला आधीच्या ऑडिटरशी पत्रव्यवहार करावा लागतो आणि फीचा वाद असला की तिथे अडतं, तुमचं ऑडिट झालेलं नसलं तरी हिशेब मिटवून निघणं बरं. मागायचं ते कागदावर लिहून न्या, भरलेल्या रिटर्नांच्या प्रती, चलनं, टॅलीचा बॅकअप, बॅलन्स शीटं, पासवर्ड. जीएसटीचे कागद वार्षिक रिटर्नच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात, म्हणजे तुमचे अगदी पहिल्या वर्षाचेही लागतील. सगळं एका दिवसात मिळणार नाही, दोन खेपा होतील, होऊ देत.

त्यांना पूर्ण तोडायची गरज आहे का, हाही विचार करा. रोजच्या नोंदी ते नीट करत असतील आणि त्यांना करायच्या असतील तर तेवढं काम त्यांच्याकडे राहू शकतं, रिटर्न आणि सही नव्याकडे. पण माझं स्पष्ट मत विचाराल तर हे दोन-तीन महिन्यांपुरतंच ठेवा, दोघांच्या मध्ये कागद अडकायला लागले की नव्या माणसाला तुम्ही जाब विचारू शकणार नाही.

जाताना तुमच्या शेडमधला चांगल्या गराचा एक डबा घेऊन जा. आणि मोबाइल नंबर बदलायचं काम त्याच बैठकीत, त्यांच्याच कॉम्प्युटरवर, चहा यायच्या आधी करून घ्या, 'पुढच्या वेळी बघू' वर ठेवू नका.